दोन टक्के कशाचे? हॉटेलचे बिल, कार्डाचे मशीन आणि सहावीचा शतमानाचा तास



सहावीला शतमान शिकवताना आपण सगळेच थोडेफार सारखेच करतो. शंभर चौकटींचा तक्ता, त्यातल्या पंचवीस रंगवायच्या, मग परीक्षेतले गुण, मग नफा-तोटा. या वर्षी मी वेगळे करायचे ठरवले. मुलांना म्हटलं, "घरात जी बिलं पडली असतील ती घेऊन या. किराणा, औषध, हॉटेल, काहीही चालेल. टक्के कुठे कुठे लपलेत ते शोधू." उपक्रम छान रंगला, पण त्यातल्या एका बिलाने मला तीन दिवस झोपू दिले नाही. आजचा लेख त्या बिलाबद्दल आहे. त्यातून मला कार्डाचे शुल्क, त्यावरचा जादा आकार आणि माझी स्वतःची एक चूक, या तिन्ही गोष्टी कळल्या. तुमच्या वर्गात आणि घरातही उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

वर्गात काय घडले

आमची शाळा महामार्गाला लागून असलेल्या गावात आहे. वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचे रस्त्यावर छोटे हॉटेल आहे. ती मोठ्या अभिमानाने आपल्याच हॉटेलचे बिल घेऊन आली. बिल असे होते:

जेवण : ४०० रुपये
जीएसटी ५ टक्के : २० रुपये
एकूण : ४२० रुपये
कार्ड चार्जेस २ टक्के : ८.४० रुपये
देय रक्कम : ४२८.४० रुपये

मी ते फळ्यावर लिहिले. गणितात हुशार असलेला एक मुलगा लगेच उठला. "बाई, हे चुकलंय. चारशेचे दोन टक्के आठ होतात. इथं आठ रुपये चाळीस पैसे घेतलेत."

मी उत्तर शोधेपर्यंत मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे हिचे पप्पा चाळीस पैसे ढापतात!" वर्ग हसला. त्या मुलीने बिल ओढून घेतले आणि बाकावर डोके ठेवले.

आणि मी काय केले? "शांत बसा रे" म्हणून दटावले आणि पुढच्या बिलाकडे वळले. कारण खरे सांगायचे तर मलाच उत्तर येत नव्हते. हे दोन टक्के कसले, ते कोणाकडे जातात, ते घेणे बरोबर आहे की नाही, यातले काहीच मला नक्की माहीत नव्हते. डी.एड. झाल्यापासून किती वेळा शेकडेवारी शिकवली असेल, पण स्वतःच्या बिलाखालची ओळ कधी वाचली नव्हती.

संध्याकाळी मी त्या हॉटेलात गेले. दादांना सगळे सांगितले. ते आधी गप्प झाले, मग म्हणाले, "बाई, मशीन द्यायला आलेला पोरगाच म्हणाला, दोन टक्के कापले जातात, बिलात लावून टाका. सगळे लावतात. मी काय खिशात घालत नाही." मी म्हटलं, "मग आपण हिशोबच करून बघू." त्यांनी बँकेचे महिन्याचे विवरण काढले आणि आम्ही टेबलावर वही घेऊन बसलो.

कार्ड मशीनला लावल्यावर पैसे कुठून कुठे जातात?

हे आधी समजून घेऊ, कारण मुलांना (आणि मलाही) वाटायचे की पैसे ग्राहकाच्या खात्यातून सरळ हॉटेलच्या खात्यात जातात. तसे नसते. मध्ये तीन जण असतात.

१. ग्राहकाला कार्ड देणारी बँक.
२. हॉटेलला मशीन देणारी बँक किंवा कंपनी.
३. या दोघांना जोडणारे जाळे, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा आपले रुपे.

कार्ड लावले की मशीन देणारी बँक जाळ्यामार्फत कार्ड देणाऱ्या बँकेला विचारते, "एवढी रक्कम देऊ का?" तिकडून होकार आला की पावती निघते. ही झाली मंजुरी. ती काही सेकंदांत मिळते. पैसे मात्र त्याच क्षणी हॉटेलच्या खात्यात पडत नाहीत. दिवसभराचे व्यवहार एकत्र करून ते साधारणपणे दुसऱ्या कामाच्या दिवशी जमा होतात. मंजुरी वेगळी आणि जमा वेगळी, हा फरक हॉटेलवाल्याला रोज कळतो, कारण भाजीवाल्याला सकाळी रोखच द्यावी लागते.

आणि जमा होताना पूर्ण रक्कम येत नाही. मधल्या तिघांचे शुल्क कापून येते. या शुल्काला मर्चंट डिस्काउंट रेट म्हणजेच एमडीआर म्हणतात. नावात 'डिस्काउंट' असले तरी ती ग्राहकाला मिळणारी सूट नव्हे. दुकानदाराच्या हाती कमी येणारी रक्कम, एवढाच त्याचा अर्थ. त्यातला मोठा वाटा सहसा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. क्रेडिट कार्डावर ग्राहकाला साधारण दीड महिन्यापर्यंत बिनव्याजी मुदत मिळते, वर पॉइंट मिळतात, कॅशबॅक मिळतो. पालकहो, ते पॉइंट आकाशातून पडत नाहीत. त्यांच्या खर्चाचा काही भाग आपण जिथे जेवलो त्या हॉटेलवाल्याच्या शुल्कातूनच निघतो.

इथेच त्या चाळीस पैशांचे कोडे सुटले. बँक शुल्क कापते ते मशीनवर टाकलेल्या पूर्ण रकमेवर. त्यात सरकारला भरायचा जीएसटीही येतो. म्हणजे जे वीस रुपये हॉटेलवाल्याचे नाहीतच, त्यावरचेही शुल्क त्याच्याकडूनच जाते. म्हणून दोन टक्के ४०० चे नव्हे, तर ४२० चे धरले होते. गणित चुकले नव्हते. 'टक्के कशाचे?' हा प्रश्न विचारायचा राहिला होता.

शुल्क किती आणि नियम काय?

'कार्ड म्हणजे दोन टक्के' हे सरसकट खरे नाही. पैसे देण्याच्या प्रकाराप्रमाणे शुल्क बदलते.

यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड : १ जानेवारी २०२० पासून यांवर दुकानदाराला एमडीआर शून्य आहे. ग्राहकाने क्यूआर स्कॅन करून आपल्या बँक खात्यातून पैसे दिले, तर हॉटेलला पूर्ण रक्कम मिळते. (वॉलेटमधून किंवा यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डावरून मोठी रक्कम दिली, तर दुकानदाराला शुल्क लागू शकते.) शून्य म्हणजे खर्चच नाही असे मात्र नव्हे. तो खर्च बँका आणि कंपन्या सोसतात, काही भार सरकार उचलते. २०२४-२५ या वर्षी छोट्या दुकानदारांच्या दोन हजारांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारांसाठी केंद्र सरकारने सुमारे १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली होती.

इतर डेबिट कार्डे : रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून वरची मर्यादा घातली आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, आणि एका व्यवहाराला २०० रुपयांपेक्षा जास्त नाही. उलाढाल त्याहून मोठी असेल तर ०.९० टक्के, आणि एका व्यवहाराला १,००० रुपयांपेक्षा जास्त नाही.

क्रेडिट कार्ड : याला रिझर्व्ह बँकेने अशी मर्यादा घातलेली नाही. दर बँक आणि दुकानदार यांच्या करारात ठरतो. साधारण दीड ते अडीच-तीन टक्क्यांच्या आसपास तो असतो, आणि कार्डाच्या प्रकारानुसार बदलतो.

या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, पण एका वेळच्या दोन हजार रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहारावर बँकेच्या शुल्काला तो माफ आहे. छोट्या हॉटेलची बहुतेक बिले त्याच्या आतलीच. मोठ्या बिलांवर मात्र तो भुर्दंड पडतो, कारण ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलला भरलेल्या कराची वजावट मिळत नाही.

आता मुख्य प्रश्न : हे शुल्क ग्राहकाच्या बिलात वेगळे लावता येते का?

डेबिट कार्डाबाबत उत्तर स्पष्ट आहे. नाही. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये हे बँकांना सांगितले होते आणि डिसेंबर २०१७ मध्ये वरचे दर ठरवताना पुन्हा बजावले, की दुकानदार हे शुल्क ग्राहकावर टाकणार नाही याची काळजी बँकेने घ्यायची. क्रेडिट कार्डाबाबत मशीन घेताना केलेला करार बघावा लागतो. कार्डावर पैसे देणाऱ्याकडून जादा आकार घ्यायचा नाही, अशी अट त्यात सहसा असते. पेट्रोल पंप, रेल्वे तिकीट अशा काही ठिकाणची पद्धत वेगळी आहे, पण हॉटेल त्यात येत नाही.

दादांनी फाइलमधून करार काढला. बारीक इंग्रजी अक्षरांतली ती पाने त्यांनी सही करताना वाचली नव्हती. मी तरी कुठे वाचते म्हणा! अट होती. दादा म्हणाले, "म्हणजे पोरं बरोबर बोलली." मी म्हटलं, "थांबा, अजून हिशोब व्हायचाय."

वही उघडली तेव्हा

मुलांना सोपे जावे म्हणून आकडे गोल केले आहेत, आणि दादांची परवानगी घेऊनच इथे देते आहे. महिन्याची एकूण विक्री ४,००,००० रुपये. त्यातले रोख १,२०,०००, यूपीआयने १,८०,००० आणि कार्डाने १,००,०००. दादा फक्त या कार्डाच्या एक लाखावर दोन टक्के जादा घेत होते. आता त्या एक लाखाचे तुकडे पाहा.

रुपे डेबिट कार्ड, १५,००० रुपये : ग्राहकांकडून घेतले ३०० रुपये, बँकेने कापले ० रुपये.
इतर डेबिट कार्ड, २५,००० रुपये : घेतले ५०० रुपये, बँकेने ०.९० टक्क्यांनी कापले २२५ रुपये.
क्रेडिट कार्ड, ६०,००० रुपये : घेतले १,२०० रुपये, बँकेने १.८० टक्क्यांनी कापले १,०८० रुपये.
एकूण : घेतले २,००० रुपये, बँकेने कापले १,३०५ रुपये.

मशीनचे महिन्याचे भाडे ३५० रुपये धरले तरी खर्च होतो १,६५५ रुपये. म्हणजे ३४५ रुपये जास्त घेतले जात होते.

दादा कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत होते. त्यांना फसवायचे नव्हते. त्यांना खरोखर वाटत होते की आपण जेवढे कापले जाते तेवढेच घेतो. पण रुपे डेबिट कार्ड असलेला, पेन्शनच्या खात्यातून पैसे देणारा एखादा आजोबा जो खर्च झालाच नाही त्याचे दोन टक्के भरून जात होता. चोरी नव्हती, पण अन्याय मात्र होत होता. वर्गात 'ढापतात' म्हणणारा मुलगा पूर्ण बरोबर नव्हता आणि पूर्ण चूकही नव्हता. मला वाटते, मुलांना नेमका हाच फरक शिकवायला हवा.

दोन टक्के छोटे की मोठे?

आता हॉटेलवाल्याची बाजू, कारण तीही खरी आहे. ग्राहकाला वाटते, दोन टक्के म्हणजे किती? चहा-पाण्याचे पैसे. पण पुन्हा तोच प्रश्न विचारा : कशाचे?

समजा २०० रुपयांचे बिल आहे. त्यातून तांदूळ, तेल, गॅस, पगार, भाडे, वीज सगळे जाऊन हॉटेलवाल्याला २० रुपये उरतात. क्रेडिट कार्डावर १.८० टक्क्यांनी ३.६० रुपये गेले. हे विक्रीचे १.८० टक्केच आहेत. पण उरलेल्या २० रुपयांचे ते १८ टक्के झाले! म्हणजे त्या ताटावरच्या नफ्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. म्हणून तो कुरकुरतो. उगाच कुरकुरत नाही.

आता तिसऱ्या बाजूने पाहा. सगळी विक्री काही क्रेडिट कार्डाने होत नाही. पूर्ण महिन्याचा खर्च १,६५५ रुपये, विक्री ४,००,००० रुपये. म्हणजे एकूण विक्रीचे ०.४१ टक्के. महिन्यात साधारण २,५०० जेवणे जातात असे दादा म्हणाले. भागाकार करा. एका जेवणाला सुमारे ६६ पैसे.

"सहासष्ट पैशांसाठी मी गिऱ्हाइकाशी रोज वाद घालतोय होय?" दादा हसले. मलाही हसू आले.

एकच खर्च. ताटाच्या नफ्याशी तुलना केली तर १८ टक्के, बिलाशी केली तर १.८० टक्के, महिन्याच्या विक्रीशी केली तर ०.४१ टक्के. तिन्ही आकडे खरे. कोणता आकडा सांगायचा हे सांगणाऱ्याच्या सोयीवर असते. म्हणून ऐकणाऱ्याने 'कशाचे?' हे विचारलेच पाहिजे. शतमानाच्या धड्यात यापेक्षा महत्त्वाचे दुसरे काही असेल असे मला वाटत नाही.

मग हॉटेलवाल्याने काय करावे?

तुमच्या शाळेतही हॉटेल, खानावळ, मिठाईचे दुकान चालवणारे पालक असतील. पालकसभेत सांगता येतील असे साधे मुद्दे :

१. महिन्याचे विवरण वाचा. रुपे डेबिट, इतर डेबिट आणि क्रेडिट यांची शुल्के वेगळी दाखवली आहेत का ते पाहा. डेबिट कार्डावर मर्यादेपेक्षा जास्त कापले असेल तर बँकेला लेखी विचारा.

२. कार्डाचा खर्च वेगळा लावण्यापेक्षा वीज-गॅससारखा धंद्याचा खर्च धरा आणि दरपत्रक ठरवतानाच त्याचा विचार करा. बिलात जादा लावलेली रक्कम विक्रीच्या किमतीचाच भाग समजली जाते, म्हणजे तिच्यावरही जीएसटीचा प्रश्न येतो.

३. यूपीआयचा क्यूआर टेबलावर दिसेल असा ठेवा. जबरदस्ती नको. "जमलं तर स्कॅन करा" म्हटले तरी पुष्कळ ग्राहक करतात.

४. मशीनचे भाडे आणि क्रेडिट कार्डाचा दर ही बोलणी करण्याची गोष्ट आहे. दोन-तीन ठिकाणी विचारा.

५. पावत्या जपून ठेवा. ग्राहकाने "हा व्यवहार माझा नाही" अशी तक्रार बँकेकडे केली तर रक्कम परत काढून घेतली जाऊ शकते. तेव्हा पावतीच कामाला येते.

दादांनी एक प्रश्न विचारला, त्याचे सोपे उत्तर माझ्याकडे नव्हते. "दर वाढवला तर रोख देणाऱ्या गरीब माणसानं कार्डवाल्याचे पॉइंट का भरायचे?" प्रश्न बिनतोड आहे. पण रोख रकमेलाही खर्च असतोच. सुट्ट्यांची बोंब, मोजण्यात जाणारा वेळ, बँकेत भरायला जाणे, एखादी नकली नोट. तो खर्च आजवर सगळ्यांनी मिळूनच भरला. हा प्रश्न मी वर्गात वादासाठी ठेवला आणि मुलांनी दोन्ही बाजूंनी फार छान मते मांडली. निकाल मी दिला नाही.

वर्गात घेता येईल असा उपक्रम

साहित्य : खेळातल्या नोटा, पाच चिठ्ठ्या, सुतळी. वेळ : एक तास.

पाच मुलांना उभे करा. ग्राहक, ग्राहकाची बँक, जाळे, हॉटेलची बँक आणि हॉटेल. सगळ्यांच्या हातात एकच सुतळी द्या. ग्राहक १०० रुपयांचे जेवला. आधी सुतळीवरून फक्त प्रश्न जाऊ द्या, "देऊ का?" आणि होकार परत येऊ द्या. ही मंजुरी. मग नोटा निघू द्या. ग्राहकाच्या बँकेने समजा १.३० रुपये ठेवले, जाळ्याने २० पैसे, हॉटेलच्या बँकेने ३० पैसे. हॉटेलच्या हातात ९८.२० रुपये पडले. (ही वाटणी समजण्यासाठी आहे, प्रत्यक्षात ती बदलते.) मग हाच खेळ यूपीआयने खेळा. हॉटेलला पूर्ण १०० मिळाले की मुले टाळ्या वाजवतात! तिथेच विचारा, "मग मधल्यांचा खर्च कोण भरतं?"

सरावासाठी उदाहरणे

१. ७५० रुपयांच्या बिलावर क्रेडिट कार्डाचे शुल्क २ टक्के. हॉटेलला किती मिळतील? (उत्तर : ७३५ रुपये)

२. १,२०० रुपये डेबिट कार्डाने दिले. शुल्क ०.९० टक्के. किती कापले जातील? (उत्तर : १०.८० रुपये)

३. जेवण ६०० रुपये, जीएसटी ५ टक्के. शुल्क २ टक्के असेल तर ते ६०० वर आणि एकूण रकमेवर काढल्यास किती फरक पडतो? (उत्तर : १२ रुपये आणि १२.६० रुपये, फरक ६० पैसे)

४. ५०० रुपयांत २ टक्के मिळवले. आलेल्या रकमेतून २ टक्के वजा केले. मूळ रक्कम मिळते का? (उत्तर : नाही. ५१० मधून १०.२० गेले, ४९९.८० उरले. २० पैसे कमी.)

५. १,००० रुपयांच्या विक्रीवर नफा १० टक्के. कार्डाचे शुल्क विक्रीच्या २ टक्के. हे शुल्क नफ्याच्या किती टक्के झाले? (उत्तर : २० टक्के)

चौथे उदाहरण मुद्दाम घ्या. 'दोन टक्के वाढवले आणि दोन टक्के घटवले की तेवढेच' असे मोठ्या माणसांनाही वाटते.

पालकांसाठी दोन शब्द

हॉटेलात बिल आले की मुलाच्या हातात द्या आणि ओळी वाचायला सांगा. जीएसटी हा कर आहे, तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितले की तो आपोआप बिलात लावता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती सूचना कायम ठेवली. कार्ड चार्जेस ही तिसरीच गोष्ट. तिन्हींची सरमिसळ करू नका. जादा आकार दिसला तर आधी शांतपणे विचारा. समोरचा माणूस लबाडच असेल असे नाही, त्याला माहीत नसेल. तरी ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आणखी एक. कार्ड वेटरच्या हातात देऊन नजरेआड पाठवू नका, मशीन टेबलावर मागवा. नुसते टेकवून पिनशिवाय होणाऱ्या व्यवहाराची मर्यादा ५,००० रुपये आहे, हेही मुलांना सांगून ठेवा.

शेवटी, माझी चूक

मुलांच्या घरातली बिले वर्गात आणायला सांगताना मी एक गोष्ट विसरले होते. बिलाबरोबर ते घरही वर्गात येते. आता मी बिलावरचे नाव आधीच कागद चिकटवून झाकते, आणि कुणाच्या घरच्या धंद्याचे बिल असेल तर आधी त्या मुलाशी एकट्याने बोलते. 'खरी उदाहरणे वापरा' असे प्रशिक्षणात आपण ऐकतो. खऱ्या उदाहरणाला खरी माणसे जोडलेली असतात, हे कोणी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सगळ्यात आधी सांगितले, "काल मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी गप्प बसवलं. आज येतं." मग ४२० चे कोडे सोडवले, पूर्ण हिशोब मांडला. त्या मुलीने मान वर केली, पण बोलली काही नाही.

आठवड्याने ती मधल्या सुट्टीत आली आणि टेबलावर एक नवे बिल ठेवून निघून गेली. जेवण ४००, जीएसटी २०, देय रक्कम ४२०. खाली ओळच नव्हती. मी ते त्या हुशार पठ्ठ्याकडे दिले. त्याने बोटावर हिशोब केला, दोनदा तपासला आणि मागे वळून तिला म्हणाला, "बरोबर आहे गं."

तुमच्या वर्गात हा उपक्रम घेतलात तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा. विशेषतः तो रोख आणि कार्डाचा प्रश्न. त्याचे उत्तर मी अजून शोधते आहे.